'नाही' म्हणणाऱ्यांचा आकडा छापा

गावात जाऊन केलेला एखादा अभ्यास उघडा. ऋणनिर्देशात एक वाक्य हमखास भेटतं: 'गावकऱ्यांनी उत्स्फूर्त सहकार्य केलं.' पुढे पद्धतीच्या प्रकरणात आकडा येतो. शंभर घरं निवडली, शंभर घरांनी माहिती दिली. मार्गदर्शक खूश, परीक्षक खूश, विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे मोकळा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात कुणी सांगितलं, की आमच्या लॉगिनच्या पानाने आजवर एकही पासवर्ड नाकारलेला नाही, तर त्याला कुणी शाबासकी देत नाही. सगळे लॅपटॉप उघडून बसतात, कारण ते लॉगिन नक्की बिघडलेलं असतं. ते कुणालाही आत सोडतंय. मग शंभरपैकी शंभर घरांनी दार उघडलं, उत्पन्न सांगितलं, कर्ज सांगितलं, गेलेल्या लेकरांची संख्या सांगितली, तेव्हा आपल्याला शंका का येत नाही?

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे 'नाही' म्हणता येत नाही, तिथल्या 'हो'ला परवानगी म्हणू नये. आणि किती जणांनी नाही म्हटलं हे ज्या अभ्यासात छापलेलं नाही, त्याने परवानगी घेतली होती असं वाचकाने धरून चालू नये.

ओळख आहे का कुणाची?

मी अचलपूरचा. हे गाव कधीकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं. आता बाहेरच्यांना ते आठवतं ते वेगळ्याच कारणासाठी. इथल्या परतवाड्याहून मेळघाटात जायचे रस्ते फुटतात. एक चिखलदऱ्याला चढतो, दुसरा सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जातो. डोंगर चढला की कोरकूंची गावं लागतात. त्यामुळे मी पुण्यात नोकरीला असलो तरी दिवाळी संपली की फोन सुरू होतात. कुणाची बहीण समाजकार्यात एम.ए. करत असते, कुणाचा रूममेट मानवी भूगोलात पीएच.डी. करत असतो. विषय स्थलांतर, कुपोषण, वनोपज, आठवडी बाजार, असं काहीही. विचारणा मात्र एकच: 'अरे, तू परतवाड्याचा ना? मेळघाटात ओळख आहे का कुणाची? दोन-तीन गावांत एन्ट्री मिळाली की झालं.'

हा 'एन्ट्री' शब्द मला खुपतो. पाठ्यपुस्तकांत याच गोष्टीला 'अ‍ॅक्सेस' म्हणतात आणि तो मिळवून देणाऱ्या माणसाला 'गेटकीपर'. मी चाळलेल्या पुस्तकांत यावर भरपूर सल्ले आहेत. गेटकीपर कसा शोधावा, त्याचा विश्वास कसा मिळवावा, कपडे कसे घालावेत, पहिल्या दिवशी वही बाहेर काढावी की नाही. सल्ले सगळे आत जाणाऱ्यासाठी. ज्याच्या घरात जायचं आहे, त्याच्या बाजूने या प्रकरणाकडे बघणारं पान शोधावं लागतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मित्राचा मित्र एखाद्या संस्थेतल्या कार्यकर्त्याचा नंबर देतो. कार्यकर्ता शाळेतल्या गुरुजींना फोन लावतो. गुरुजी अंगणवाडीच्या ताईंना सांगतात. ताई पाहुण्यांना घेऊन घरोघर फिरतात. सोबत कधी ग्रामसेवक असतो, कधी वनरक्षक, कधी सरपंचाचा पोरगा.

आता हाच प्रसंग घरातल्या बाईच्या जागेवरून बघा. तिच्या लेकराचं वजन ताईंच्या नोंदवहीत आहे, पोषण आहार ताईंच्या हातून येतो. पोराच्या दाखल्याचं काम गुरुजींकडे आहे. मोहफुलं वेचायला जायच्या वाटेवर वनरक्षक भेटतो. यातलं कुणीतरी दारात उभं राहून म्हणतं, 'पुण्याहून सर आले आहेत, जरा माहिती दे.' ती काय म्हणेल? तिने दिलेला होकार ताईंना दिलेला असतो, उद्याच्या व्यवहारासाठी. संशोधक तो आपल्या खात्यात जमा करून घेतो आणि प्रबंधात त्याला 'सहकार्य' असं नाव देतो.

यात ताई वाईट नाहीत, गुरुजी वाईट नाहीत. पाहुणा आलाय, शिकतंय पोरगं, मदत करावी, एवढाच त्यांचा विचार. पण आपल्याकडे ओळखीने काम होण्याची इतकी सवय आहे, की ओळख निघाली म्हणजे परवानगी मिळाली असं आपण समजतो. कुणाच्या ओळखीने हॉलचं बुकिंग मिळवणं वेगळं आणि कुणाच्या ओळखीने तिसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसणं वेगळं.

गेट कुणाला असतं

मी पुण्यात ज्या सोसायटीत भाड्याने राहतो, तिथे गेटवर वॉचमन आहे, रजिस्टर आहे आणि वर फोनमध्ये अ‍ॅप आहे. जेवण घेऊन आलेल्या पोराचं नाव माझ्या स्क्रीनवर येतं. खाली दोन बटणं असतात, येऊ द्या किंवा नको. तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असंच काहीतरी असेल.

कल्पना करा, चिखलदरा तालुक्यातल्या एका कोरकू मुलीने भूगोलात एम.ए.ला प्रवेश घेतला आणि विषय निवडला, 'पुण्यातल्या गृहसंकुलांचा पाणीवापर'. ती वही घेऊन आमच्या गेटवर उभी राहिली. पगार किती, घराचा हप्ता किती, काल रात्री काय शिजवलं, गेल्या पाच वर्षांत घरात कुणी दगावलं का, हे प्रश्न ती किती फ्लॅटमध्ये विचारू शकेल? आधी वॉचमन अडवेल. मग सेक्रेटरी लेखी अर्ज मागेल, कमिटीपुढे ठेवतो म्हणेल, आणि कमिटीची मीटिंग दोन महिन्यांनी असेल. यात आपल्यापैकी कुणालाही काही वावगं वाटणार नाही. फ्लॅटवाल्यांना खासगी आयुष्य असतं हे आपण धरूनच चालतो. कुडाच्या भिंतींच्या घरात राहणाऱ्यांनाही ते असतं, हे मात्र आपल्याला संशोधनाच्या नीतीचा वेगळा तास घेऊन शिकवावं लागतं, आणि तो तासही बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात उरकला जातो.

अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी १९७२ मध्येच आपल्या व्यवसायबंधूंना टोकलं होतं, की नेहमी खाली काय बघता, जरा वर बघा. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांचा अभ्यास करा. पन्नास वर्षं उलटून गेली. आपला विद्यार्थी अजून खालीच पाठवला जातो, कारण खालचं दार ढकललं की उघडतं. रेशन का पोचलं नाही हे शोधायचं तर तालुक्याच्या ऑफिसातलं रजिस्टर बघायला हवं. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांची वाट, मग अपील. रेशन न पोचलेल्या घरातला रिकामा डबा मात्र सांगितल्याबरोबर उघडून दाखवला जातो. मग अभ्यास डब्याचाच होतो, आणि निष्कर्षही डब्यावरूनच निघतात: लोकांना पोषणाबद्दल जागृती नाही.

कागद घेऊन येणारा माणूस

'पण लोक तर मोकळेपणाने बोलतात रे,' असं फोनवरचे मित्र सांगतात. बोलतात. पण या डोंगरात वही-कागद घेऊन येणाऱ्या माणसाचा जुना इतिहास आहे, तो माहीत असल्याशिवाय त्या मोकळेपणाचा अर्थ लागत नाही.

डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आलं. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटिअर निघालं. मुलूख कसा, जमाती कोणत्या, जंगल किती, महसूल किती, सगळं कागदावर. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. त्या रेषा ओढायच्या तर आधी कुणीतरी हिंडून, विचारून, मोजून नेलेलं असावं लागतं. १९७० च्या दशकात व्याघ्र प्रकल्प आला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. त्यामागोमाग गावं हलवण्याची बोलणी आली. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपये, असं हे पॅकेज आहे. आता कुटुंब म्हणजे कोण, अठरा वर्षं कुणाची पूर्ण झाली, हे कशावरून ठरतं? घरोघर होणाऱ्या सर्व्हेवरून. मेळघाटातून खाली अकोट तालुक्यात आणलेल्या गावांपैकी काहींचे लोक, कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणत पुन्हा जंगलात परतल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत.

अशा मुलखात 'घरात माणसं किती, गुरं किती, जंगलातून काय काय आणता' हे भूगोलाच्या प्रश्नावलीतले साधे प्रश्न राहत नाहीत. गुरांचा आकडा चराईपर्यंत पोचू शकतो. वनोपजाचा आकडा वनखात्यापर्यंत पोचू शकतो. माणसांचा आकडा पॅकेजपर्यंत पोचू शकतो. विचारणारा सरकारी आहे की कॉलेजचा, हे गळ्यातल्या ओळखपत्रावरून कळत नाही. म्हणून शहाणा माणूस हसून, चहा देऊन, तोलूनमापून उत्तर देतो. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्याकडे एवढाच नकार शिल्लक असतो. संशोधक त्या उत्तरांची सरासरी काढतो.

दार ज्याने उघडलं, त्याच्या अंगणातून दिसतं तेवढंच गाव दिसतं. एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या एका गावात राहिले. त्याला त्यांनी 'रामपुरा' नाव दिलं. १९७० मध्ये त्यांची टिपणं स्टॅनफर्डमधल्या आगीत जळाली, आणि मग मुख्यतः आठवणींच्या आधारे त्यांनी 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' लिहिलं. ते १९७६ मध्ये आलं. स्वतः ब्राह्मण, गावच्या मुखियाच्या आसऱ्याला राहिलेले, वावर वरच्या जातींत. त्यामुळे आपल्याला दिसलेलं गाव हे बरंचसं वरच्या जातींच्या नजरेतलं आहे, हे त्यांनी लपवलं नाही. एवढा मोठा अभ्यासक, कितीतरी महिने मुक्काम करून, ही मर्यादा लिहून ठेवतो. आपण चार दिवसांची अभ्याससहल करून 'गावाचं मत' लिहितो.

मेळघाटात त्यात भाषेची भर. कोरकू ही मराठीची बोली नाही. संथाली, मुंडारीच्या कुळातली ती स्वतंत्र भाषा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून जास्त लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. पाहुणा मराठीत विचारतो, ताई तो प्रश्न कोरकूत टाकतात, आजी पाच मिनिटं हातवारे करून बोलते, आणि शेवटी मराठीत उत्तर येतं: 'हो म्हणते.' त्या पाच मिनिटांत काय होतं, ते वहीत येत नाही. त्यात ऋतूची भर. दिवाळीनंतर कामाच्या शोधात कितीतरी घरं खाली मैदानात उतरतात आणि होळीला परततात. कॉलेजच्या वेळापत्रकात फील्डवर्क येतं ते नेमकं याच मधल्या काळात. स्थलांतराचा अभ्यास करायला गेलेल्याला घरी भेटतात ते न गेलेले.

संमतीच्या पानावर किती सेकंद

आता माझ्या धंद्याकडे येतो. हल्ली प्रश्नावली कागदावर नसते, फोनवर असते. ओडीके, कोबोटूलबॉक्स ही साधनं फुकट आहेत, चांगली आहेत, नेटवर्क नसलं तरी चालतात. पहिलं पान संमतीचं असतं. 'मला या अभ्यासाची माहिती देण्यात आली असून मी स्वखुशीने सहभागी होत आहे.' हो किंवा नाही. 'हो' दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही, 'नाही' दाबलं की फॉर्म संपतो. ऐकायला अगदी चोख.

पण फोन कुणाच्या हातात आहे? माहिती देणाऱ्या बाईच्या हातात नाही. तो माहिती गोळा करणाऱ्या पोराच्या हातात आहे, आणि त्याला फॉर्ममागे पैसे मिळतात किंवा दिवसाचं टार्गेट असतं. त्याने 'नाही' नोंदवलं तर त्याचाच फॉर्म बुडतो. म्हणजे नकार नोंदवायचं काम ज्याच्याकडे, नकारात नुकसानही त्याचंच. हे डिझाइन कुठल्याही बऱ्या टीमच्या पहिल्या रिव्ह्यूत उडालं असतं. संशोधनात मात्र ते चालतं आणि वर त्याला 'माहितीपूर्ण संमती' म्हणतात.

गंमत अशी, की हीच साधनं कुठल्या प्रश्नावर किती वेळ गेला याची नोंद ठेवू शकतात. सेटिंग सुरू केलं, की संमतीच्या पानावर किती सेकंद घालवले ते काढता येतं. चार ओळींचा औपचारिक मराठी मजकूर कोरकूत समजावून सांगायला, वर 'याचं पुढे काय होणार' या प्रश्नाचं उत्तर द्यायला किती वेळ लागेल? तीन सेकंद? प्रबंधात सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन सगळं छापता. हा एक आकडाही छापा ना.

दुसरी गोष्ट निनावीपणाची. नाव काढून टाकलं की माहिती निनावी झाली असं समजणारे खूप आहेत. फॉर्म घराचं जीपीएस लोकेशन घेऊन ठेवतो. तेही काढलं तरी वीस घरांच्या वस्तीत 'विधवा, वय ४५, जमीन दोन एकर, एक मूल दगावलं' एवढ्या रकान्यांवरून शेजारचा कुणीही सांगेल की ही कोण. माझ्या फोनमधल्या अ‍ॅपला दिलेली लोकेशनची परवानगी मी उद्या सेटिंगमध्ये जाऊन काढून घेऊ शकतो. त्या बाईने दिलेली परवानगी परत घ्यायची तर तिने कुठे जायचं? फॉर्मवर विद्यापीठाचा ईमेल असतो, इंग्रजीत.

कायदा काही करेल अशी आशा ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाच्या कामाला अटींसह सूट आहे. तेव्हा जे करायचं ते अभ्यास करणाऱ्यांनाच करायचं आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सगळ्यात जड आहे. मेळघाटातल्या बालमृत्यूंची चर्चा १९९० च्या दशकापासून चालू आहे. पोरं मरत असताना परवानग्यांचे सोपस्कार करत बसायचं का? मोजलं नसतं तर हे मृत्यू कुणाला कळले असते?

मोजायलाच हवं. पण विचारून मोजलं म्हणून काम अडलं, असं उदाहरण तरी दाखवा. याच विदर्भात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं, ते गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून. ते निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि त्या पद्धतीचा स्वीकार देशाच्या आरोग्य कार्यक्रमात झाला. दवाखाना कसा हवा हेही त्यांनी आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते असं लोकांनी सांगितलं, म्हणून तिथला दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. विचारल्यामुळे उत्तर बदललं, आणि बदललेलं उत्तर जास्त उपयोगी निघालं. घाई खरी असते तेव्हा विश्वास जास्त लागतो, कमी नाही.

दुसरा आक्षेप: गावाची परवानगी म्हणजे गावातल्या चार पुरुषांची परवानगी. ग्रामसभेने हो म्हटलं की बायकांचं, एकट्या माणसांचं, खालच्या मानल्या गेलेल्या घरांचं 'नाही' दबून जाईल. आणि ग्रामसभेने नाही म्हटलं तर ज्यांना बोलायचं आहे त्यांचं तोंड बंद होईल.

हा आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच मी ग्रामसभेच्या होकाराला शेवटचं दार म्हणत नाही. ते पहिलं दार आहे. त्यानंतर प्रत्येक घराने, आणि घरातल्या प्रत्येक माणसाने, वेगळं हो किंवा नाही म्हणायचं आहे. तेही ताई, गुरुजी, नवरा समोर नसताना. आणि एखादी बाई सरपंचाविरुद्ध, सासरच्यांविरुद्ध काही सांगायला आपणहून पुढे आली, तर तिचं ऐकायला कुणाच्या ठरावाची गरज नाही. परवानगीचा नियम दुबळ्याच्या संरक्षणासाठी आहे. त्याच न्यायाने वनखातं, बँक, साखर कारखाना, पंचायत समिती यांनी 'आमच्याकडे अभ्यासाला परवानगी नाही' म्हणून दार लावलं, तर ते मला मान्य नाही. लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या जमिनीवर चालणाऱ्या ऑफिसाला खासगी आयुष्य नसतं.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. सेमिस्टर सहा महिन्यांचं, फील्डवर्कला दहा दिवस, पैसे खिशातले. एवढ्यात ग्रामसभा कधी भरणार, सहा महिन्यांनी परत कधी जाणार? खरंय. पण ही तक्रार विद्यापीठाकडे करायची आहे, गावाकडे नाही. दहा दिवसांत गावाचा अभ्यास होत नसेल, तर दहा दिवसांत जो होतो तो अभ्यास द्या. एसटी स्टँडवर बसा, आठवडी बाजारात बसा, तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून लोक किती तास ताटकळतात ते मोजा. मानवी भूगोल तिथेही आहे, आणि त्यासाठी कुणाच्या चुलीपर्यंत जावं लागत नाही.

ज्यांनी दार बसवलं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात जा. मेंढा (लेखा) या गोंड गावाबद्दल मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. गावाचे स्वतःचे अभ्यासगट आहेत. बाहेरच्याला गावात अभ्यास करायचा तर आधी ग्रामसभेसमोर यायचं, काय करणार ते सांगायचं, ही तिथली रीत आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. आणि या रीतीमुळे अभ्यासक तिथे जायचे थांबले का? महाराष्ट्रात ज्या आदिवासी गावांवर सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय, त्यात मेंढा येतं.

आमच्या अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेलं जंगल लोकांनी राखलं, सीताफळं विकली, आणि २०१४ मध्ये यूएनडीपीचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. हातात जंगलाचा कागद आला, की दारात आलेल्या माणसाशी बोलायची रीत बदलते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क सांगितला आहे. कोणतं झाड कशासाठी वापरता, हे वहीत उतरवून नेणाऱ्याने निदान हे कलम वाचून जावं.

बाहेरच्या देशांतही हे घडलंय. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्ताचे नमुने दिले. ते नमुने स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरले गेले, जे त्यांना विचारलेलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेलं रक्त परत केलं. दक्षिण आफ्रिकेत सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली प्रक्रिया. आमच्याकडे यायचं तर या पाच गोष्टी पाळून या. त्यांच्यावर शंभरेक वर्षं अभ्यास होत आला आहे. नियम मात्र त्यांनी स्वतः लिहायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

एवढं करा

माझ्या मागण्या लांबलचक नाहीत. प्रत्येक प्रबंधात, प्रत्येक अहवालात चार ओळी सक्तीच्या करा. किती जणांना विचारलं आणि किती जणांनी नाही म्हटलं. विचारताना समोर आणखी कोण हजर होतं. संमतीच्या पानावर सरासरी किती वेळ गेला आणि कोणत्या भाषेत. आणि अभ्यास झाल्यावर त्याचा निष्कर्ष गावात कधी, कुणासमोर, कोणत्या भाषेत वाचून दाखवला. नकाराचा आकडा शून्य असेल, तर तो का शून्य आहे हे समजावण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. परीक्षकाने तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच विचारावा. याला पैसे लागत नाहीत, नवा कायदा लागत नाही, जीआर लागत नाही.

नमुन्यात दहा-पंधरा घरं कमी पडतील, टक्केवारी जरा ओबडधोबड दिसेल. दिसू दे. ज्या नव्वद घरांनी खरोखर हो म्हटलं, ती शंभर हतबल घरांपेक्षा जास्त खरं सांगतात, हे सांगायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि फोन करणाऱ्या मित्रांनो, तुमचे फोन यंदाही येतील, येऊ द्या. मी चिडणार नाही. पण कुणाचा नंबर देण्याआधी मी एक प्रश्न विचारतो, तोही आधीच सांगून ठेवतो: गावाने नाही म्हटलं, तर तुझा दुसरा विषय काय आहे? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं, तो विचारायला निघालेला असतो. ज्याच्याकडे नसतं, त्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं, फक्त गावाला कळवायचं बाकी असतं.